‘रिप्ले पाहा’ म्हणजे नेमकं काय पाहा? पंचांच्या वादातून शिकूया संशोधनाचा प्रश्न



पीएचडीची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांचा एकच प्रश्न असतो : “विषय आवडीचा आहे, वाचनही झालंय, पण संशोधनाचा प्रश्न कसा मांडायचा?” पेटच्या पुस्तकांत कार्यात्मक व्याख्या, विश्वसनीयता, शून्य परिकल्पना हे शब्द पाठ करून होतात. परीक्षेत गुणही मिळतात. पण सिनॉप्सिस लिहायला बसलं की हे शब्द कुठे गायब होतात कोण जाणे! माझंही तेच झालं होतं. म्हणून आज हे सगळं एका अशा उदाहरणातून बघूया, ज्यावर आपल्याकडे चहाच्या कपावर तासन्‌तास भांडणं होतात : पंचांचा निर्णय, रिप्ले आणि घड्याळ.

माझा विषय खेळातल्या पंचांच्या निर्णयांचा आहे. पहिल्यांदा मी जे शीर्षक घेऊन समितीसमोर गेले ते असं होतं : ‘कुस्तीमधील पंचांच्या चुकीच्या निर्णयांचा अभ्यास’. छान वाटतं ना ऐकायला? मलाही वाटलं होतं. समितीतल्या एका मॅडमनी चष्मा खाली करून एवढंच विचारलं, “चुकीचे म्हणजे कुणाच्या मते चुकीचे?” मी म्हणाले, “रिप्लेमध्ये दिसतंच की मॅडम.” त्या म्हणाल्या, “कुणाला दिसतं?” पुढे माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिनॉप्सिस परत आला आणि मी इंदिरानगरच्या खोलीवर येऊन दोन दिवस कुणाशी बोलले नाही.

उत्तर सापडलं ते ग्रंथालयात नाही, घरमालकांच्या ओसरीवर.

ओसरीवरचं भांडण

२ फेब्रुवारी २०२५. अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीची स्पर्धा. गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केलं, असा निर्णय पंचांनी दिला. राक्षेच्या बाजूचं म्हणणं, खांदे टेकलेच नाहीत, रिप्ले पाहा. वाद चिघळला आणि राक्षेने पंचांना लाथ मारल्याचं सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. त्यानंतर किताबाच्या कुस्तीतही शेवटची काही सेकंदं उरलेली असताना महेंद्र गायकवाड पंचांच्या निर्णयावर नाराज होऊन मैदान सोडून गेला. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. राक्षे आणि गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली.

पैलवानाच्या आयुष्यात तीन वर्षं म्हणजे काय, हे तालमीत गेलेल्या माणसाला विचारा. खुराक, मेहनत, वय, सगळं त्यात आलं. पंचांवर हात टाकणं चूकच, त्यात दुमत नाही. पण या सगळ्याचं मूळ एका प्रश्नात होतं : खांदे टेकले की नाही?

तर आमचे घरमालक काका तरुणपणी तालमीत घाम गाळलेले. त्यांचा पुतण्या गणेश जिममध्ये ट्रेनर. दोघं फोनवर तीच क्लिप लावून बसले होते. काका म्हणत होते टेकले, गणेश म्हणत होता नाही टेकले. क्लिप एकच, फोनही एकच!

मी सहज विचारलं, “काका, चितपट म्हणजे नेमकं काय हो?”

“अगं, दोन्ही खांदे जमिनीला लागले की चितपट. एवढं कळत नाही होय तुला? काय शिकतेस मग!”

“पण किती वेळ लागायला पाहिजेत?”

“वेळ कसला? लागले की लागले.”

यावर गणेश उसळला, “असं नाही काका, दाबून धरायला पाहिजे. पंचांना दिसेल एवढा वेळ तरी.”

झालं! दोघं अर्धा तास ‘काय घडलं’ यावर भांडत होते. प्रत्यक्षात त्यांच्या डोक्यातला ‘चितपट’च वेगवेगळा होता. मॅडमच्या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा कळला.

पहिली पायरी : व्याख्या

जागतिक कुस्ती संघटनेच्या नियमांप्रमाणे चितपट म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे मॅटला लावून, पूर्ण ताबा आहे हे पंचाला पाहता येईल एवढा वेळ धरून ठेवणं. आता या वाक्यात किती गोष्टी आहेत ते मोजा. दोन्ही खांदे. धरून ठेवणं. पूर्ण ताबा. आणि पुरेसा वेळ. हा वेळ किती सेकंदांचा, ते आकड्यात दिलेलं नाही, तो पंचाच्या निरीक्षणाशी जोडलाय.

म्हणजे फोनवर एक फ्रेम थांबवून, त्यावर लाल गोल काढून “बघा, खांदा टेकलाय” किंवा “बघा, खांदा वर आहे” असं म्हणणारे दोघेही अर्धवट पुरावा देतायत. थांबवलेल्या चित्रात वेळ नसतो आणि ताबाही दिसत नाही. व्याख्येत काळ असेल तर पुराव्यातही काळ पाहिजे.

यालाच आपण कार्यात्मक व्याख्या म्हणतो. संकल्पना मोजायची कशी, तिचं कोणतं लक्षण दिसलं की ‘हो’ लिहायचं आणि कोणतं नसेल तर ‘नाही’ लिहायचं, हे आधी ठरवणं. तुमच्या विषयात ‘ताण’ असेल, ‘शेतकऱ्याची जागरूकता’ असेल, ‘वाचनाची आवड’ असेल. तिथेही हाच घोळ होतो. माहिती गोळा करून झाल्यावर व्याख्या शोधायला बसलात तर तुम्ही काका आणि गणेशच्याच रांगेत बसलात असं समजा.

दुसरी पायरी : वाद कोणत्या जातीचा आहे?

मी जेवढे वाद बघितले, त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. तुमच्या वहीत हे लिहून ठेवा, पुढे उपयोगी येईल.

*१. घटनेचा वाद.* काय घडलं यावर मतभेद. खांदा लागला का, पाय रेषेबाहेर गेला का, वेळ संपण्याआधी डाव पूर्ण झाला का. इथे कॅमेरा सगळ्यात जास्त कामाचा.

*२. नियमाचा वाद.* काय घडलं ते सगळ्यांना मान्य आहे, पण त्याला कोणता नियम लावायचा यावर भांडण. इथे रिप्ले शंभर वेळा पाहिला तरी उपयोग नाही.

*३. प्रक्रियेचा वाद.* दाद कुणी मागायची, किती वेळात मागायची, कुणी निर्णय द्यायचा, घड्याळ कुणाच्या हातात, यावर भांडण.

दुसऱ्या प्रकाराचं उत्तम उदाहरण म्हणजे ७ ऑक्टोबर २०२३ चा हांगझोऊ आशियाई खेळांतला पुरुष कबड्डीचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. त्या भारतीय संघात आपल्या नाशिकचा आकाश शिंदे आणि शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदारही होता. गुण २८-२८. जेमतेम मिनिटभर खेळ बाकी. पवन सेहरावत ‘करो या मरो’ चढाईला गेला आणि कुणालाही स्पर्श होण्याआधी लॉबीत गेला. त्याच्या मागोमाग इराणचे बचावपटूही लॉबीत उतरले.

एका नियमाप्रमाणे स्पर्श न करता लॉबीत गेलेला चढाईपटू बाद आणि त्याच्यामागे लॉबीत गेलेले बचावपटूही बाद. दुसऱ्या, प्रो कबड्डीत रुळलेल्या नियमाप्रमाणे फक्त चढाईपटू बाद. पहिला नियम लावला तर भारताला एकदम अनेक गुण, दुसरा लावला तर इराणला एक गुण आणि भारताला भोपळा. रिप्लेमध्ये सगळं स्वच्छ दिसत होतं. तरी निर्णय इकडून तिकडे फिरला, खेळाडू मॅटवर बसून राहिले आणि सामना जवळजवळ तासभर थांबला. शेवटी निर्णय भारताच्या बाजूने गेला आणि भारताने ३३-२९ ने सुवर्ण जिंकलं.

इथे कितीही कॅमेरे लावले असते तरी हा वाद मिटला नसता, कारण अडचण कॅमेऱ्यात नव्हतीच. खेळ सुरू व्हायच्या आधी कोणती नियमावली लागू आहे हे सगळ्यांना सारखं माहीत असायला हवं होतं.

आता हे आपल्या अभ्यासाला लावा. दोन संशोधकांचे निष्कर्ष वेगळे आले की आपण लगेच म्हणतो “कुणाची तरी माहिती चुकीची आहे.” आधी बघा, दोघांनी एकच व्याख्या वापरलीय का? साहित्याचा आढावा लिहिताना हा एक प्रश्न विचारलात तरी तुमचा आढावा इतरांपेक्षा वेगळा होईल.

पहिला आणि दुसरा प्रकार एकमेकांत मिसळलेलेही असतात. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरीत माती विभागाच्या अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखला टांग मारली आणि पंचांनी चार गुण दिले. चार की दोन, यावर महाराष्ट्रभर वाद पेटला. उभ्या स्थितीतून टाकलेला पैलवान थेट धोक्याच्या स्थितीत, म्हणजे पाठ मॅटकडे होऊन पडला तर चार. नुसता खाली आणून ताबा घेतला तर दोन. म्हणजे एकीकडे शरीराचा कोन किती होता हा घटनेचा प्रश्न, दुसरीकडे त्या कोनाला ‘धोक्याची स्थिती’ म्हणायचं का हा नियमाचा प्रश्न. अशा वेळी आधी दोन्ही प्रश्न सुटे करा, मग एकेकाला हात घाला.

तिसरी पायरी : घड्याळ आणि शेवटचा सेकंद

घड्याळ हे तर अगदी तटस्थ यंत्र, त्यावर काय वाद होणार? होतो, आणि चांगला होतो.

५ डिसेंबर २००९. अमेरिकन फुटबॉलमधली टेक्सस विरुद्ध नेब्रास्का विद्यापीठांची बिग ट्वेल्व्ह स्पर्धेची अंतिम लढत. टेक्सस दोन गुणांनी मागे. त्यांच्या खेळाडूने चेंडू मुद्दाम मैदानाबाहेर फेकला, कारण चेंडू बाहेर पडला की घड्याळ थांबतं. पण फलकावर शून्य आलं होतं. नेब्रास्काचे लोक जल्लोष करत धावले. पंचांनी रिप्ले पाहिला : चेंडू बाहेर आदळला त्या क्षणी एक सेकंद शिल्लक होता. तो एक सेकंद घड्याळात परत टाकला, टेक्ससने शेवटची किक मारली आणि १३-१२ ने सामना जिंकला.

नेब्रास्काच्या चाहत्यांना तो सेकंद आजही डाचतो. पण आपण संशोधक म्हणून बघूया. प्रश्न होता ‘खेळ कधी थांबला?’ याची चार उत्तरं असू शकतात : चेंडू हातातून सुटला तेव्हा, चेंडू बाहेर आदळला तेव्हा, पंचाने इशारा केला तेव्हा, किंवा घड्याळवाल्याने बटण दाबलं तेव्हा. घड्याळवाला माणूसच असतो. डोळ्यांनी पाहून बोट हलवायला साधारण पाव सेकंद जातोच. म्हणजे फलकावरचा आकडा हे खेळाचं मोजमाप कमी आणि ‘खेळ अधिक माणसाचा उशीर’ याचं मोजमाप जास्त. नियमाने ‘चेंडू आदळला तो क्षण’ ही व्याख्या निवडली, म्हणून रिप्लेला उत्तर देता आलं.

कॅमेऱ्यालाही मर्यादा आहे. सेकंदाला २५ चित्रं घेणारा कॅमेरा असेल तर दोन चित्रांमध्ये ०.०४ सेकंदाचं अंतर. त्यापेक्षा बारीक प्रश्न त्याला विचारू नका, तो उत्तर देईल पण ते त्याचं नसेल, तुमचं असेल. सर्वेक्षणात पाच पर्यायांची श्रेणी वापरून सरासरी ३.४७२६ अशी चार दशांश स्थळांपर्यंत लिहिणारे आपण हीच चूक करतो.

घड्याळाचा प्रश्न प्रक्रियेशी कसा जोडलेला असतो त्यासाठी रिओ ऑलिम्पिक २०१६ बघा. ६५ किलो गटातली कांस्यपदकाची कुस्ती. मंगोलियाचा गान्झोरिग उझबेकिस्तानच्या नवरुझोवविरुद्ध ७-६ ने पुढे होता आणि शेवटच्या सेकंदांत लढायचं सोडून आनंद साजरा करत मॅटवर फिरू लागला. घड्याळ अजून चालू होतं! उझबेक बाजूने दाद मागितली, लढत टाळल्याबद्दल एक गुण नवरुझोवला मिळाला, ७-७ झालं आणि शेवटचा गुण घेणारा म्हणून तो पुढे गेला. मंगोलियाच्या प्रशिक्षकांनी निषेध म्हणून मॅटवरच कपडे काढले. पदक काही परत मिळालं नाही.

आणि आपले खाशाबा जाधव. १९५२, हेलसिंकी. जपानच्या इशीशी लांबलेली, दमवणारी कुस्ती झाल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत पैलवानाविरुद्ध उतरायला सांगितलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो नियम दाखवून भांडायला तिथे भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता, ही हकिकत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. खाशाबांनी कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पण तो अर्धा तास मिळाला असता तर? नियम कागदावर असणं आणि तो मागायला माणूस असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाद मागण्याची सोय सगळ्यांना सारखी मिळते का, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय होऊ शकतो. हवा असेल तर घ्या, माझी हरकत नाही.

चौथी पायरी : ‘निर्णय कायम’ याचे दोन अर्थ

हा भाग नीट वाचा, कारण पेटमध्येही यावर प्रश्न येतात आणि व्हायव्हातही यावरच विकेट जाते.

विद्यापीठांच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये २०२४ च्या हंगामापर्यंत रिप्ले पाहून झाल्यावर पंच तीन गोष्टी जाहीर करू शकत होते. एक, निर्णय बदलला. दोन, निर्णयाला पुष्टी मिळाली. तीन, निर्णय कायम आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्यात फरक काय? पुष्टी म्हणजे रिप्लेत स्पष्ट दिसलं की मैदानावरचा निर्णय बरोबर होता. कायम म्हणजे तो बदलण्याएवढा स्पष्ट पुरावा मिळाला नाही, एवढंच. बरोबर होता असं कुणी म्हणत नाहीये.

क्रिकेटमधला ‘अंपायर्स कॉल’ आठवला ना? पायचीतच्या दाव्यात चेंडूचा अर्ध्यापेक्षा कमी भाग यष्टीला लागतोय असं तंत्रज्ञान दाखवत असेल तर मैदानावरच्या पंचांचा निर्णय टिकतो. म्हणजे तसाच्या तसा चेंडू, पंचांनी बाद दिलं तर बाद, नाबाद दिलं तर नाबाद! लोक चिडतात. पण यामागे विचार आहे : चेंडूचा पुढचा मार्ग हा अंदाज आहे, त्यात त्रुटी असू शकते, म्हणून जवळच्या प्रकरणात आधीचा निर्णय बदलायचा नाही.

आता इथे ‘मैदानावरचा निर्णय’ च्या जागी ‘शून्य परिकल्पना’ ठेवा. पी मूल्य ०.०५ पेक्षा जास्त आलं की आपल्यातले निम्मे जण लिहितात, “दोन गटांत फरक नाही हे सिद्ध झाले.” नाही हो! एवढंच झालं की फरक आहे असं म्हणण्याइतका पुरावा तुमच्या नमुन्यात मिळाला नाही. निर्णय कायम आहे, पुष्टी मिळालेली नाही. शून्य परिकल्पना ‘स्वीकारली’ असं लिहिण्याऐवजी ‘त्याग करता आला नाही’ असं लिहा. कॅमेरा चुकीच्या कोनात असेल तर काहीच दिसणार नाही, तसंच नमुना लहान असेल तर खरा फरकही दिसणार नाही.

आणि सुरुवात कुठून करायची हे आधी ठरलेलं असतं, हेही विसरू नका. पंचांनी आधी उलटा निर्णय दिला असता तर तोच धूसर रिप्ले पाहून उलटा निर्णय ‘कायम’ राहिला असता.

पाचवी पायरी : बघणारा माणूस

स्लो मोशनमध्ये सगळं जास्त स्पष्ट दिसतं असं आपण धरून चालतो. युजीन कारूसो आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वेगळंच आढळलं. तीच हिंसक घटना स्लो मोशनमध्ये दाखवली तर पाहणाऱ्यांना ती जास्त ‘जाणूनबुजून’ केलेली वाटते, कारण करणाऱ्याला विचार करायला वेळ होता असा भास होतो. नेहमीचा वेग आणि स्लो मोशन दोन्ही दाखवले तर हा परिणाम कमी होतो, पण पूर्ण जात नाही. म्हणजे ‘पाय कुठे होता’ यासाठी स्लो मोशन चांगलं, ‘मुद्दाम केलं का’ यासाठी जपून.

मग माणसांच्या नजरेवर विश्वास ठेवायचा तरी किती? यासाठी दोन निरीक्षकांना स्वतंत्र बसवून त्याच क्लिप बघायला द्यायच्या आणि त्यांचं किती जुळतं ते मोजायचं. पण नुसती टक्केवारी फसवते. समजा १०० क्लिप आहेत. दोघांनीही प्रत्येकी २० क्लिपना ‘चितपट’ म्हटलं. त्यातल्या १२ दोघांच्या सारख्या निघाल्या आणि ७२ क्लिपना दोघांनीही ‘नाही’ म्हटलं. जुळणी ८४ टक्के. वा! पण थांबा. दोघांनी डोळे मिटून, याच प्रमाणात अंदाजाने उत्तरं दिली असती तरी किती जुळलं असतं? ‘हो’ साठी ०.२० गुणिले ०.२० म्हणजे ०.०४, ‘नाही’ साठी ०.८० गुणिले ०.८० म्हणजे ०.६४. बेरीज ०.६८. म्हणजे ६८ टक्के जुळणी नशिबानेच मिळते!

जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कप्पा गुणांक हेच नशीब वजा करतो. (०.८४ वजा ०.६८) भागिले (१ वजा ०.६८), म्हणजे ०.१६ भागिले ०.३२, उत्तर ०.५०. ८४ टक्क्यांवरून एकदम अर्ध्यावर आलो. गणित एकदा वहीत स्वतः करून बघा, आयुष्यभर विसरणार नाही.

सहावी पायरी : कोणते वाद तुमच्यापर्यंत पोचले?

माझ्या जुन्या सिनॉप्सिसमध्ये मी लिहिलं होतं की व्हायरल झालेल्या वादग्रस्त क्लिप गोळा करून पंचांच्या चुकांचं प्रमाण काढणार. आता आठवलं की लाज वाटते. दवाखान्याच्या रांगेतली माणसं मोजून गावातल्या आजाराचं प्रमाण काढण्यासारखं आहे ते.

समजा १००० निर्णयांपैकी २० वर दाद मागितली गेली आणि त्यातले १० बदलले. ‘पंच ५० टक्के वेळा चुकतात’ अशी बातमी होईल. पण दाद मागितली जाते ती संशयास्पद निर्णयांवरच. शिवाय उरलेल्या ९८० मध्येही चुका असतील, ज्यावर कुणी बोललंच नाही. कुस्तीत तर दाद मागणं फुकट नाही : प्रशिक्षक मॅटवर स्पंज फेकून दाद मागतो आणि ती फेटाळली गेली तर समोरच्याला एक गुण मिळतो. त्यामुळे एका गुणाने पुढे असलेला पैलवान जपून वागेल, हरत आलेला शेवटच्या सेकंदाला जुगार खेळेल. म्हणजे तुमच्या हाती आलेला नमुना नियमांनीच चाळून दिलेला असतो. चाळणी कोणती ते ओळखल्याशिवाय टक्केवारी काढू नका.

तुमच्या सिनॉप्सिससाठी पाच प्रश्न

भिंतीवर चिकटवून ठेवा :

१. माझ्या शीर्षकातल्या मुख्य शब्दाची व्याख्या मी माहिती गोळा करण्याआधी लिहिलीय का?

२. माझा प्रश्न घटनेचा आहे, नियमाचा की प्रक्रियेचा? की तिन्हींची खिचडी झालीय?

३. माझं साधन, मग ती प्रश्नावली असो की कॅमेरा, किती बारीक मोजू शकतं?

४. किती पुरावा मिळाला तर मी मत बदलीन, हे आधी ठरलंय का? आणि पुरावा नाही मिळाला तर मी नेमकं काय लिहीन?

५. माझ्यापर्यंत कोणती प्रकरणं पोचलीच नाहीत?

या पाचांतल्या एकाचं जरी उत्तर अडलं तर घाबरू नका. अडलं म्हणजे काम कुठे करायचं ते सापडलं. माझे तर पाचही अडले होते.

माझं आताचं शीर्षक असं आहे : ‘चितपट निर्णयाबाबत प्रशिक्षित पंचांमधील एकवाक्यता : नेहमीच्या वेगातील आणि मंदगती चित्रफितींचा तुलनात्मक अभ्यास’. ऐकायला पहिल्याइतकं भारी नाही. ‘चुकीचा’ हा शब्दच गेला. पण आता मॅडमनी “कुणाच्या मते?” विचारलं तर माझ्याकडे उत्तर आहे. समितीने या वेळी तासभर प्रश्न विचारले आणि सही केली.

परवा ओसरीवर नियमाची व्याख्या कागदावर लिहून ती काका आणि गणेशच्या समोर ठेवली आणि तीच क्लिप परत लावली, आधी नेहमीच्या वेगात, मग हळू. दोघं गप्प बसून बघत होते. बऱ्याच वेळाने काका म्हणाले, “खांदे लागलेत पोरी. पण दाबून धरलं का, ते या बाजूने दिसत नाही.” गणेश म्हणाला, “मी तेच म्हणतोय ना काका!” तो तेच म्हणत नव्हता, पण जाऊ द्या. वाद मिटला नाही. फक्त आता तो कशावर आहे, ते दोघांनाही कळलं. संशोधनाची सुरुवात एवढ्यावरूनही होते.

तर या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्या विषयातला एक जुना वाद घ्या, त्याचे घटना, नियम, प्रक्रिया असे तीन रकाने पाडा आणि कोणता मुद्दा कोणत्या रकान्यात जातो ते लिहा. एका पानाच्या वर जाऊ नका. पुढच्या लेखात नमुना किती मोठा हवा, हे बघूया.

तोपर्यंत अभ्यास चालू ठेवा!